म्हैसूरची अंबारी आणि कबिनीचें रान



प्रवासाला पैसा किती लागेल हें आपण सारेच आधीं विचारतों. तो कशावर खर्चावा हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. आपल्या पणजोबांच्या काळीं हा प्रश्नच नव्हता. काशीयात्रेला निघालेला गृहस्थ शिधा, वळकटी आणि गंगेच्या पाण्यासाठीं तांब्या एवढें घेऊन निघे, आणि परत येई तेव्हां त्याच्याजवळ पुण्य व रिकामी थैली या दोनच वस्तु उरत. आज मध्यम स्थितींतल्या सुशिक्षित कुटुंबालाही आयुष्यांत एकदोनदां असा योग येतो कीं, हात थोडा सैल सोडून प्रवास करावा. निवृत्तीची रक्कम हातीं आलेली असते, मुलीचें शिक्षण संपलेलें असतें, किंवा विवाहाला पंचवीस वर्षें झालेलीं असतात. अशा वेळीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, एखादें जुनें, नांदतें शहर पाहूं. तेथील वाडे, देवळें, गाणें आणि खाणें यांचा मनसोक्त आस्वाद घेऊं. दुसरा म्हणतो, माणसांचा कंटाळा आला. जेथें कोणी ओळखीचें भेटणार नाहीं अशा रानांत चार दिवस नेऊन सोडा. हे दोन्ही पक्ष एकाच प्रवासांत, आणि तेही थाटामाटानें, कसे राजी करावे हा आजचा विषय आहे. सर्वसामान्य उपदेशापेक्षां एकच उदाहरण घेऊन बोलणें मला बरें वाटतें. तें उदाहरण म्हणजे म्हैसूर शहर आणि तेथून मोटारीनें दोनएक तासांवर असलेलें कबिनी नदीकांठचें अरण्य.

हेंच कां? कोणतेंही शहर आणि कोणतेंही रान दोन तिकिटांनीं जोडतां येतें, पण ती जोडणी नकाशापुरतीच राहते. म्हैसूर आणि कबिनी यांचें नातें त्याहून जुनें आहे. विजयादशमीच्या मिरवणुकींत साडेसातशे किलो वजनाची सोन्याची अंबारी पाठीवर घेऊन जो हत्ती चालतो, तो राजवाड्याचा नव्हे. तो रानांतल्या हत्तीतळावरून येतो, दीडदोन महिने राजवाड्याच्या आवारांत राहतो, मिरवणुकीची तालीम करतो, आणि सण आटोपल्यावर परत रानांत जातो. शहरांत जें वैभव आपण पाहतों तें ज्याच्या पाठीवर चढविलेलें असतें, त्याचें घर पाहावयास दुसऱ्या आठवड्यांत आपण जावें, असा हा बेत आहे. आणखी एक संबंध जातां जातां सांगून टाकतों. ज्या 'आकाशवाणी' या नांवानें आपण हें माध्यम ओळखतों, तें नांव भारतांत प्रथम लावलें गेलें तें म्हैसूरच्या एका खासगी प्रक्षेपण केंद्राला. मानसशास्त्राचे प्राध्यापक एम्. व्ही. गोपालस्वामी यांनीं सन १९३५ मध्यें तें आपल्या घरांतच सुरू केलें होतें.

आतां पहिला प्रश्न, केव्हां जावें. येथें मोठी अडचण आहे, आणि प्रवासी कंपन्यांचीं रंगीत पत्रकें ती सांगत नाहींत. म्हैसूर सर्वांत खुलतें तें आश्विनांत. नवरात्राच्या त्या दिवसांत शहर दिव्यांनीं सजतें, राजवाड्यासमोर गायन-वादन चालतें, आणि दहाव्या दिवशीं मिरवणूक बन्निमंटपापर्यंत जाते. कानडींतला बन्नी वृक्ष म्हणजे आपली शमी. तेव्हां सीमोल्लंघनाची कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाहीं. पूर्वीं अंबारींत महाराज बसत, आतां चामुंडेश्वरीची मूर्ति असते. हें सारें खरें. परंतु आश्विनांत पाऊस नुकताच सरलेला असतो, कबिनीचा जलाशय कांठोकांठ भरलेला असतो, आणि रानांत जिकडे तिकडे पाणी व पाला असल्यामुळें हत्ती पांगलेले असतात. याउलट माघ-फाल्गुनापासून जलाशयाचें पाणी हटूं लागतें, उघड्या पडलेल्या चिखलावर कोंवळें गवत उगवतें, आणि आंतल्या रानांतलीं तळीं आटलेलीं असल्यानें हत्तींचे कळप कांठावर उतरतात. मार्च ते मे या काळांत कांहीं दिवशीं एकाच दृष्टिक्षेपांत इतके हत्ती दिसतात कीं मोजतांना चूक व्हावी. म्हणजे दसरा म्हैसूरचा आणि चैत्र कबिनीचा. दोहोंचा शिखरकाल एकाच सुटींत गांठूं म्हणणाऱ्याच्या हातीं कोणताच पुरता लागत नाहीं.

माझें मत विचाराल तर मार्च महिना धरावा. दसऱ्याच्या गर्दींत उतरण्याची जागा कित्येक महिने आधीं राखावी लागते, भाव चढलेले असतात, आणि मिरवणूक पाहावयाची म्हणजे उन्हांत तासन् तास एका जागीं खिळून बसावयाचें. पैसा खर्चून गर्दी विकत घेण्यांत कसली चैन? मार्चमध्यें शहर मोकळें असतें. राजवाड्यावरचे जवळजवळ एक लाख दिवे दर रविवारीं सायंकाळीं थोडा वेळ लावले जातात, ते दसऱ्यावांचूनही दिसतात. मात्र एखाद्याला मिरवणुकीचाच ध्यास असेल तर त्यानें खुशाल आश्विनांत जावें, आणि रानांत हत्तींऐवजीं हिरवळ, धुकें व भरलेलें पाणी पाहण्याची तयारी ठेवावी.

दुसरा प्रश्न क्रमाचा. शहर आधीं कीं रान आधीं? मी निःशंकपणें शहर आधीं म्हणेन. रानांतून आलेल्या कानांना मोटारींचे भोंगे सोसत नाहींत, आणि तीन दिवसांच्या स्तब्धतेवर लगेच बाजाराचा कल्लोळ ओतला कीं दोन्हींची चव जाते. शिवाय प्रवासाच्या आरंभीं आपलें मन घरच्या लगबगींतच असतें. त्याला एकदम झाडाखालीं बसवलें तर तें अस्वस्थ होतें. शहर त्याला हळूहळू उतरवून देतें. तेव्हां शनिवारीं म्हैसूरला पोंचावें, रविवारची सायंकाळ राजवाड्यासाठीं राखावी, सोमवार पुरता शहरांत घालवावा आणि मंगळवारीं सकाळीं रानाची वाट धरावी. शहरांत तीन रात्री, रानांत तीन रात्री, आणि परततांना एक रात्र हाताशीं. जवळच कोडगूचे कॉफीचे मळे आहेत, उटकमंड आहे, वायनाड आहे. यादी वाढवावयाचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरावा. सात दिवसांत चार ठिकाणें म्हणजे सात दिवस सामान बांधणें.

म्हैसूरांत काय पाहावें याची जंत्री मी देत नाहीं. ती कोणत्याही मार्गदर्शिकेंत आहे. दोनचार गोष्टींवरच थांबतों. राजवाडा पहिला. आजची वास्तु पुरातन नाहीं. जुना लांकडी वाडा सन १८९७ मध्यें राजघराण्यांतील एका विवाहसमारंभाच्या वेळीं आगींत भस्मसात् झाला, आणि हेन्री आयर्विन या वास्तुशिल्पीच्या आराखड्यावरून उभारलेला नवा वाडा १९१२ मध्यें पुरा झाला. आग पुन्हां लागूं नये म्हणून लोखंडाचा वापर सढळ हातानें केलेला आहे; कल्याणमंडपाचे खांब ओतीव लोखंडाचे आहेत आणि वरचें मोराच्या नक्षीचें रंगीत कांचेचें छत ग्लासगोहून आणलेलें. त्या मंडपाच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीचीं मोठमोठीं चित्रें आहेत. मार्चमध्यें जाणाऱ्यांनीं तीं सावकाश पाहावीं म्हणजे दसरा अगदींच चुकला असें होत नाहीं. दार उघडतांच आंत जावें. अकरानंतर सहलींच्या शाळा येतात, आणि त्या मुलांचा आनंद कितीही रास्त असला तरी खांबांवरची नक्षी त्यांत दिसेनाशी होते.

दुसरी जागा जगन्मोहन राजवाड्यांतील चित्रशाळा. येथें राजा रविवर्म्याचीं चित्रें आहेत हें पुष्कळांना ठाऊक असतें. पण जिच्यासमोर लोक घोळक्यानें उभे राहतात ती हातांत दिवा धरलेली, दुसऱ्या हाताच्या आडोशानें ज्योत जपणारी स्त्री रविवर्म्याची नाहीं. तो समज फार पसरलेला आहे. तें चित्र आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचें. त्यांच्यासमोर उभी राहिलेली तरुणी म्हणजे त्यांची कन्या गीता. चित्र जलरंगांतलें आहे, हें विशेष. जलरंगांत पांढरा उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. एकदां हात चुकला कीं पुसून टाकतां येत नाहीं. बोटांच्या कडांतून झिरपणारा तो तांबूस प्रकाश आणि लुगड्याच्या निऱ्यांवर उतरत जाणारी सांवली पाहतांना हें ध्यानांत ठेवावें. चित्रशाळा उघडी आहे कीं दुरुस्तीसाठीं बंद आहे याची चौकशी आधीं करावी, आणि तिला किमान दोन तास द्यावे.

गाण्याच्या शोकिनांना म्हैसूर परकें वाटूं नये. वीणावादक शेषण्णा आणि वाग्गेयकार वासुदेवाचार्य यांचें हें शहर. पण भास्करबुवा बखल्यांचे एक गुरु नत्थनखाँ हेही याच दरबाराचे गायक होते, म्हणजे आपल्या मराठी संगीताची एक मुळी येथवर पोंचलेली आहे. आपण असूं त्या दिवसांत कोठें मैफल आहे का हें उतरल्याबरोबर विचारावें आणि त्याप्रमाणें जेवणाची वेळ बदलावी. इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांसाठीं यादवगिरींत आर. के. नारायण यांचें घर आहे. तेथें २०१६ पासून संग्रहालय झालें आहे. देवराज बाजार सकाळीं पाहावा. मोगऱ्याच्या राशी, विड्याचीं पानें, नंजनगुडचीं केळीं आणि कुंकवाचे शंकूसारखे ढीग, हें सारें आठ वाजतां जसें दिसतें तसें दुपारीं दिसत नाहीं. रेशमी साडी घ्यावयाची तर १९१२ मध्यें संस्थानानें काढलेल्या आणि आज सरकारी असलेल्या विणकरशाळेची घ्यावी. म्हैसूरपाकाविषयीं मी बोलणार नाहीं. प्रत्येक घराचें त्याविषयीं आपलें मत असतें.

उतरण्यासाठीं शहरांत जुने वाडे हॉटेलें झालेले आहेत. चामुंडी टेकडीच्या पायथ्याकडचा ललितमहाल व्हाइसरॉयच्या मुक्कामासाठीं मुंबईचे वास्तुशिल्पी फ्रिचली यांच्या आराखड्यावरून १९२१ च्या सुमारास उभारला गेला आणि १९७४ मध्यें तेथें हॉटेल सुरू झालें. अशा वास्तूंत एक रात्र काढावी हें मला मान्य आहे. पण आजची व्यवस्था कशी आहे हें विचारूनच. संगमरवरी जिना आणि गरम पाणी हीं दोन्हीं एकाच छताखालीं असतातच असें नाहीं. आणि मोठी मोटार भाड्यानें घेण्यापेक्षां तोच पैसा एखाद्या जाणत्या वाटाड्याला अर्धा दिवस देण्यांत खर्चावा. ज्याला इतिहास आणि कानडी दोन्ही येतात असा माणूस म्हैसूरांत मिळतो.

आतां रानाकडे. हेग्गडदेवनकोटेवरून जाणारी वाट नाचणी, कापूस आणि तंबाखूच्या शेतांतून जाते, आणि एकाएकीं शेतें संपून पाणी दिसूं लागतें. कबिनी ही कावेरीची उपनदी. वायनाडच्या डोंगरांत उगम पावते. तिच्यावरचें धरण १९७४ मध्यें झालें. एका कांठास नागरहोळेचें अरण्य, दुसऱ्या कांठास बंडीपूरचें, आणि मधें हा जलाशय. उन्हाळ्यांत हत्ती ज्या गवतावर चरतात, तें गवत धरणापूर्वीं ज्या गांवांचीं शेतें होतीं त्यांवर उगवतें; ती माणसें उठून दुसरीकडे गेलीं. आणि याच परिसरांत काकनकोटे म्हणून जो भाग आहे, तेथें 'खेडा' होई. खेडा म्हणजे शेंकडों माणसांनीं ढोल बडवीत, जाळ पेटवीत हत्तींचे कळप हांकून मेढेकोटांत कोंडावयाचे. म्हैसूरांत ही पद्धति सँडरसन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८७४ पासून यशस्वी केली. पाहुणे आले म्हणजे तमाशा म्हणूनही खेडा होई. शेवटचा खेडा १९७१ सालचा.

या रानांत पिढ्यान् पिढ्या राहणारे लोक जेनू कुरुब. कानडींत जेनु म्हणजे मध. उंच झाडांवरचीं पोळीं उतरविण्यांत यांचा हात धरणारा कोणी नाहीं, आणि हत्तीतळांवरचे माहूत व त्यांचे मदतनीस बहुतेक यांच्यांतलेच. अरण्य राखीव झालें, पुढें राष्ट्रीय उद्यान झालें, तशीं यांचीं पुष्कळ कुटुंबें सत्तरच्या दशकापासून बाहेर काढलीं गेलीं. त्यानंतर गमतीची म्हणावी कीं संतापाची, अशी एक गोष्ट घडली. ज्या रानांत राहण्याची मूळच्या माणसांना बंदी, त्याच रानाच्या आंत एका मोठ्या हॉटेल कंपनीला विश्रामगृह चालविण्यासाठीं जागा देण्यांत आली. आदिवासींच्या संघटनेनें दाद मागितली, आणि सन १९९७ मध्यें कर्नाटक उच्च न्यायालयानें ठरविलें कीं केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवांचून वनभूमि अशी देणें कायद्याविरुद्ध आहे. तें हॉटेल झालें नाहीं.

हें मी मुद्दाम विस्तारानें सांगितलें. शहरांत आपण पैसा खर्चतों तो माणसांत फिरतो. एकांतासाठीं खर्चतों तेव्हां तो एकांत कोणाच्या जागेवर उभा आहे हें पाहावें लागतें. ज्याला आपण निर्जन म्हणतों तें ठिकाण बहुधा निर्जन केलेलें असतें. म्हणून रानाकांठचें विश्रामस्थान ठरवितांना खोलीचीं छायाचित्रें पाहण्याआधीं मालकाला चार प्रश्न लिहून पाठवावे. जागा अरण्याच्या हद्दीबाहेर आहे ना? हत्ती पाण्यावर उतरतात ती वाट कुंपणानें अडविलेली नाहीं ना? रात्रीं कांठावर दिवे आणि ध्वनिक्षेपक चालतात का? आणि कामावर आसपासच्या गांवांतली माणसें किती? उत्तर मोकळें आलें तर तेथें जावें. उत्तराऐवजीं पोहण्याच्या तलावाचें वर्णन आलें तर समजून घ्यावें. सरकारी व्यवस्था हवी असेल तर कारापूर येथें महाराजांच्या जुन्या शिकारबंगल्याच्या आवारांत राज्याच्याच कंपनीचें विश्रामस्थान आहे. ही कंपनी १९८० मध्यें स्थापन झाली. थाट कमी, पण झाडें जुनीं.

एक सूचना अत्यंत महत्त्वाची. सन २०२५ च्या नोव्हेंबरांत, अरण्यालगतच्या शेतांत वाघांनीं शेतकऱ्यांचे बळी घेतल्यावर, सरकारनें बंडीपूर व नागरहोळे या दोन्ही ठिकाणच्या सफरी थांबविल्या. त्या वेळीं ज्यांनीं महिनोन् महिने आधीं पैसे भरले होते त्यांची निराशा झाली असेल; पण ज्याच्या घरचा माणूस गेला त्याच्या दारावरून जीप भरभरून पाहुणे नेणें सरकारला शोभलें नसतें. म्हणून निघण्यापूर्वीं सफरींची स्थिति विचारून घ्यावी, आणि सफर नसली तरी कांठावर तीन दिवस आनंदानें बसतां येईल अशाच मनानें जावें.

सफर चालू असली तर कोठेंही उतरा, वेळ आणि वाट वनखात्याच्या नियमांनींच ठरते; अधिक पैसे मोजून अधिक रान दाखविलें जात नाहीं. मला हें फार आवडतें. पहाटे निघावयाचें म्हणून मार्चमध्येंही शाल घ्यावी. ज्यांना पाठीचें दुखणें आहे त्यांनीं जीपपेक्षां होडी पसंत करावी; जीपचे धक्के तरण्याताठ्यांनाही जाणवतात, आणि होडींतून मगर, पाणमांजरें, हिंवाळी पाहुणा मत्स्यगरुड आणि कांठावरचे हत्ती हें सारें निवांतपणें दिसतें. अलीकडे एका काळ्या बिबळ्यामुळें कबिनीचें नांव जगभर झालें, आणि तेव्हांपासून पुष्कळ मंडळी तोच एक प्राणी पाहावयास येतात. तो दिसला नाहीं कीं तोंड पाडून परततात. वाटेंत तीस हत्ती, रानगवे आणि रानकुत्र्यांचें एक टोळकें दिसलेलें असतें, तें जमेस धरीत नाहींत. अशा माणसाला बरोबर नेऊं नये. नेणें भागच असेल तर त्याला मागच्या बांकावर बसवावें.

एका सकाळीं सफर मुद्दाम सोडून द्यावी आणि आवारांतच पाण्याकडे तोंड करून बसावें. हत्तींचा कळप पाण्यावर येतो तो एका वयस्क हत्तिणीच्या मागून. ती थांबली कीं सारे थांबतात. ती सोंड उंचावून वारा घेते, मग पाऊल टाकते. पिलें मधें, मोठ्या माद्या बाजूला, आणि वयांत आलेले नर मागें किंवा अलग. कोठें पाणी टिकतें हें तिला ठाऊक असतें म्हणून सारें कुटुंब तिच्यामागून चालतें. घरांतल्या आजीबाई बरोबर असतील तर हें दृश्य त्यांना अवश्य दाखवावें. सुनांनीं पाहिलें तरी हरकत नाहीं.

शेवटचा दिवस बळ्ळे येथील हत्तीतळासाठीं ठेवावा. तो मानंदवाडीच्या वाटेवर, रानाच्या आंत आहे. सन २०१२ ते २०१९ अशीं आठ वर्षें दसऱ्याची अंबारी वाहणारा अर्जुन हत्ती येथला. १९६८ सालीं काकनकोट्याच्या खेड्यांत तो धरला गेला होता. म्हातारपणीं अंबारी उतरली, तरी रानटी हत्ती पकडण्याच्या कामावर त्याला नेत. हासन जिल्ह्यांत अशाच एका मोहिमेंत, ४ डिसेंबर २०२३ रोजीं, एका रानटी सुळेवाल्याशीं झुंजतांना तो मेला. राजवाड्याच्या भिंतीवरचीं चित्रें पाहून येथें आलेल्यानें हें ठाऊक असूं द्यावें. वनखात्याची परवानगी असेल तरच तळावर थांबावें, हत्तींच्या अगदीं जवळ जाऊं नये, आणि छायाचित्रें घेण्यापूर्वीं माहुताला विचारावें. तो बहुधा कानडीच बोलेल, म्हणून म्हैसूरचा वाटाड्या येथपर्यंत बरोबर आणला असेल तर उत्तम. हत्तींचीं नांवें, त्यांच्या खोडी, नाचणीचे गोळे कोणाला किती लागतात, हें विचारलें कीं माहूत मोकळेपणानें बोलतो. ही वाट रात्रीं रहदारीला बंद असते, तेव्हां ऊन उतरण्याच्या आधींच मोटार परत फिरवावी.